गेला का भाग?

तायडे मॅडमनी मला माझं नाव विचारण्याआधी वय विचारलं होतं. अकोल्याच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला रुजू झाले, तो पहिलाच दिवस. स्टाफरूममध्ये कुठे बसावं ते कळत नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक काळीसावळी, उंच, हाडापेरानं मजबूत बाई बशीत चहा ओतून पीत होती. सुती साडीच्या खांद्यावर खडूची भुकटी. तिनं मला खालीवर पाहिलं आणि म्हणाली, "वय किती तुयं?"

मी गोंधळले. "एकतीस."

"मूळ हाय," ती म्हणाली. "बस मंग." आणि शेजारच्या खुर्चीवरची उत्तरपत्रिकांची चळत उचलून तिनं मला जागा करून दिली.

पुढच्या वाढदिवसाला मी पेढा घेऊन गेले तर म्हणाल्या, "बत्तीस. आता पाच वर्सं तुयं काई खरं नाही." म्हणजे सदतीस येईपर्यंत मूळ संख्या नाही. एकानं आणि स्वतःनंच भाग जातो, दुसऱ्या कशानंही जात नाही, ती मूळ संख्या. हे मला शाळेत शिकवलं होतं आणि मी विसरलेही होते. मॅडमच्या सहवासात ते पुन्हा शिकावं लागलं, कारण त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या गोष्टी आधी संख्या होत्या आणि मग बाकीच्या. पुढे आम्ही अमरावतीला राजापेठेत फ्लॅट घेतला, तेव्हा त्या बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. दारावर एक्याण्णव नंबर होता. "फसवं घर हाय बाप्पा. मूळ दिसते, पन तेरा साती एक्याण्णव." मग चपला काढून आत आल्या आणि घर मात्र छान आहे म्हणाल्या.

त्यांचं एक वाक्य सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होतं. कोणी कुणाची तारीफ केली की मॅडम मान वर न करता विचारायच्या, "भागून पाह्यलं काय?" इतिहासाचे सर एकदा आपल्या होणाऱ्या जावयाबद्दल सांगत होते. मुलगा निर्व्यसनी आहे, घरचं चांगलं आहे, बोलायला गोड आहे. कोपऱ्यातून आवाज आला, "भागून पाह्यलं काय?" सगळे हसले. सरही हसले, पण त्या दिवशी डबा न खाता घरी गेले. मॅडमना वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांच्या टेबलावर दोन संत्री ठेवली. माफी वगैरे मागितली नाही. ती त्यांना मागताच येत नसे.

त्या मूळच्या भातकुलीकडच्या. आईवडील लहानपणीच गेले. मोठ्या बहिणीनं, शांताताईनं, दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करून, कापूस वेचून त्यांना शिकवलं. शांताताईचं लग्न झालं होतं, नवरा लवकर गेला. मॅडमचं झालंच नाही. नोकरी लागल्यावर त्यांनी बहिणीला अकोल्याला आणलं आणि दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात दोघी राहू लागल्या. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, एक लोखंडी खाट, पुस्तकं. मागे पडवी, तिला शहाबादी फरशी. मॅडमचं खरं आयुष्य त्या फरशीवर चाललं होतं.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ती उन्हाळ्याच्या सुटीत. मागून आवाज येत होते म्हणून सरळ पडवीतच गेले. मॅडम फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि हातातल्या खडूनं एक लांबलचक भागाकार करत होत्या. फरशीभर आकडे. शांताताई भिंतीला टेकून लसूण सोलत होती, आणि लिहिलेला एकेक आकडा बोट दाखवून मोठ्यानं वाचत होती. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे तेवढे मॅडमनी शिकवले होते. मॅडम लिहायच्या, ताई वाचायची. लिहिताना काही चुकलं तर वाचताना सापडायचं.

भागाकार संपला. खाली बाकी उरली.

"गेला का भाग?" ताईनं विचारलं.

"नाही गेला."

"बरं झालं बाई," ताई म्हणाली, आणि सुपातला लसूण बाजूला सारून चहा ठेवायला उठली.

मॅडमनी बादलीतलं पाणी ओतून फरशी खराट्यानं धुऊन काढली. भिंतीवर खडूनं एक लहानसा आकडा होता, तो बोटानं पुसून त्याच्या जागी दुसरा लिहिला. कुठल्या संख्येनं भागून झालं, त्याची एवढीच खूण. मी म्हटलं, "मॅडम, एवढं केलेलं पुसून टाकलं?"

"भाग जात नाही म्हटल्यावर ठेवाचं कशाले?"

मग चहा पिता पिता त्यांनी मला सांगितलं. सात ही मूळ संख्या. तिच्यापुढे तीन लिहिला की त्र्याहत्तर, तीही मूळ. पुढे नऊ लिहिला की सातशे एकोणचाळीस, तीही मूळ. असं उजवीकडे एकेक अंक लावत जायचं आणि प्रत्येक वेळी संख्या मूळच राहिली पाहिजे. कुठपर्यंत जाता येतं? त्या तेव्हा सात अंकांपर्यंत पोचल्या होत्या आणि आठव्याचं काम चाललं होतं. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की मला वाटलं कोणी नातेवाईक आहे.

"ही जर मूळ निंगाली, तं पाहाय, हिच्या मांगून एक एक अंक काढत जायचा. जे उरते ते बी मूळच. पार सातापावतर. कशानंच तुटत नाही."

मी मराठीची बाई. मला राहवलं नाही. "म्हणजे माणसासारखं आहे, मॅडम. एकेक जण सोडून जातो तरी..."

"माणसासारखं काहून?" त्या मध्येच म्हणाल्या. "संख्येसारखं हाय."

शांताताई तोंडाला पदर लावून हसली. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण साताची निवड तिचीच होती. दोन, तीन, पाच आणि सात, या चारांपैकी कुठूनही सुरुवात करता येते. मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, सातापासून कर. काहून, तर त्यांच्या गावच्या घराच्या ओट्याला सात फरश्या होत्या. दोन, तीन आणि पाचपासून फुटणाऱ्या बाकीच्या तीन फांद्या मॅडमनी म्हातारपणासाठी ठेवल्या होत्या. "रिटायर झाल्यावर काय करू मंग? माश्या मारू?"

मी विचारलं, कॅल्क्युलेटरवर का नाही करत? त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "त्यानं सांगतलं तं मले समजंन. पन मले सांगाले नाही पाहिजे कोनी. मले पाहाले पाहिजे."

वर्गात त्या गणित फार चांगलं शिकवायच्या. मुलींना त्यांची भीती वाटायची आणि तरी त्यांच्या तासाला वर्ग भरलेला असायचा. एका वर्षी, अभ्यासक्रम वेळेआधी संपला तेव्हा, त्यांनी फळ्यावर आपली संख्या लिहिली. सात अंकी, सिद्ध झालेली. एकेका मुलीला बोलावून म्हणाल्या, "ठेव हात शेवटच्या अंकावर. आता वाच. मूळ हाय का?" मुली तळहातानं अंक झाकत होत्या, वाचत होत्या, छोट्या संख्या भागून बघत होत्या. माझा तास शेजारच्या वर्गात होता. तिकडून एवढा हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता, की मला वाटलं वर्गात बाईच नाहीत.

त्याच दिवशी तपासणीला साहेब आले होते. ते दारात येऊन उभे राहिले. प्राचार्य मागे. साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या प्रकरणात आहे मॅडम?"

"कोनत्याच नाही."

"परीक्षेला येतं?"

"नाही येत."

"मग?"

फळ्याजवळच्या मुलीचा हात अजून अंकावरच होता. साहेब वाईट माणूस नव्हते. हसून म्हणाले, मुलींचा वेळ महत्त्वाचा आहे, आणि पुढे गेले. पण अहवालात शेरा गेला. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून चार शब्द सुनावले. मॅडमनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तास संपेपर्यंत पुस्तकच. मुली मागे लागल्या, "मॅडम, ती सातवाली सांगा ना." त्या म्हणाल्या, "प्रकरणात नाही ते," आणि पान उलटलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती संख्या पुन्हा फळ्यावर लिहिली नाही. स्टाफरूममध्ये त्यांना "सात कोटीवाल्या" म्हणायचे, पण काय भानगड आहे ते विचारायला कुणी त्यांच्या खुर्चीजवळ गेलं नाही. तिथं बोलायला वेतन आयोग होता, निवडणुकीच्या ड्युट्या होत्या.

राहिली शांताताई. ती गेली भर मे महिन्यात. दुपारी पडवीत बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. भातकुलीकडून चुलतभाऊ आले, चार दिवस राहून गेले. घर रिकामं झालं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा मॅडम नेहमीसारख्या आल्या. खांद्यावर खडू, बशीत चहा. कुणी सांत्वनाचं बोललं की मान हलवायच्या. असेच काही दिवस गेल्यावर, मधल्या सुटीत आम्ही दोघीच होतो तेव्हा, त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काल पुन्हा सुरू केलं मी."

"बरं केलं मॅडम."

"एक भागाकार केला. नाही गेला भाग." बशी खाली ठेवून म्हणाल्या, "कोनी विचारलंच नाही."

मग मी ठरवलं की आपण विचारायचं. अधूनमधून स्टाफरूममध्ये त्यांच्या कानाशी लागून विचारायची, "गेला का भाग, मॅडम?" त्या सांगायच्या, "नाही गेला." असं आठवडाभर चाललं असेल. मग एके दिवशी त्यांनी मला हाताशी धरून बसवलं. रागानं नाही, समजावल्यासारखं म्हणाल्या, "तू नको विचारत जाऊ सुनंदे. ताईले वाटे का भाग नाही गेला पाहिजे. सकाळपासून वाटे तिले. तुले काय वाटते ते मले समजत नाही."

खरंच होतं ते. मला त्या संख्येचं काही वाटत नव्हतं. मला मॅडमचं वाटत होतं, आणि ती दुसरी गोष्ट होती.

आता वाचून दाखवणारं कोणी नव्हतं, म्हणून त्या प्रत्येक भागाकार दोनदोनदा करू लागल्या. फरशी धुवायची, पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. आठ हजार सहाशेच्या आतल्या जेवढ्या मूळ संख्या आहेत, त्या सगळ्यांनी भागून बघायचं होतं. गुडघे दुखायला लागले तेव्हा पाट घेऊन बसायच्या. मधे त्या निवृत्त झाल्या. आम्ही तोवर अमरावतीला आलो होतो, माझी बदली झाली होती. फोनवर बोलणं व्हायचं, पण मॅडम फोनवर फार बोलत नसत. "मी बरी हाये. तू बरी हाय का? ठेव मंग."

आणि मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्या न कळवता आमच्या दारात उभ्या. हातात पेढ्यांचा पुडा. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी स्वतःहून पेढे आणलेले मी पाहिले नव्हते. केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा आला होता. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाल्या, "झालं."

"काय झालं, मॅडम?"

"मूळ हाय. आठही अंक. अन् तिच्यापुढं आता काईच लागत नाही. एक लावला का तिनानं भाग जाते. सात लावला का तिनानं जाते. तीन अन् नऊनं लय तरास देल्ला, पन शेवटी ते बी तुटले. सातची फांदी सरली बाप्पा."

मी त्यांचे हात धरले. खडूनं बोटांची टोकं चिरली होती. माझी मुलगी मृण्मयी कॉलेजला सुटी म्हणून घरी आलेली होती. इंजिनिअरिंगला आहे ती. लहानपणापासून मॅडमना ओळखते. ती आतून धावत आली, मॅडमच्या पाया पडली आणि कौतुकानं म्हणाली, "सांगा सांगा, कुठली संख्या?" मॅडमनी एकेक अंक सांगितला. तिनं तो मोबाइलवर टाकला.

"मॅडम, खरंच! प्राइम आहे!" ती ओरडली. मॅडमचा चेहरा असा उजळला, की मला शांताताईची आठवण झाली. पण मृण्मयी पुढे वाचत होती. "आणि इथं लिहिलंय, अशा प्रकारची ही सगळ्यात मोठी संख्या आहे. म्हणजे उजवीकडून अंक काढत गेलं तरी प्राइम राहणारी. याच्याहून मोठी नाहीच."

मॅडम मोबाइलकडे वाकल्या.

"लिवलेलं हाय?" मॅडमनी विचारलं.

"हो. आधीपासून माहितीये हे."

"दोन, तीन अन् पाचच्या फांद्या?"

"त्याही, मॅडम. कुठूनही सुरुवात केली तरी हीच सगळ्यात मोठी. इथं सगळ्या दिल्या आहेत, दाखवू?"

"नको," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "त्या मी ठेवल्या होत्या," त्या म्हणाल्या, पण आम्हा कुणाला उद्देशून नाही. मी चहा आणला. त्यांनी बशीत ओतला आणि तो तसाच निवला. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणाल्या, दुपारची गाडी आहे. दारापर्यंत गेल्यावर मृण्मयीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अभ्यास कर बरं." त्या गेल्यावर मृण्मयी बराच वेळ फोन हातात घेऊन बसली होती. पेढ्यांचा पुडा संध्याकाळपर्यंत कुणी उघडला नाही.

त्या दिवसानंतर मॅडमचा फोन लागेना. लागला तर उचलेनात. घरमालकांना विचारलं तर म्हणाले, आहेत, पण दार लोटून असतात. शेवटी एका रविवारी मी अकोल्याला गेले. मॅडमना सांगायला मृण्मयीनं थोडी माहिती दिली होती. तिनं त्या संख्येबद्दल सापडेल ते वाचून काढलं होतं.

मॅडम पडवीत होत्या. वाळल्या होत्या. फरशी कोरडी, स्वच्छ. मला बघून म्हणाल्या, "ये. भाकर टाकू का तुयासाठी?" आणि टाकल्याही. ठेचा, कांदा, भाकर. जेवताना त्या आपणहून बोलायला लागल्या.

"पह्यले काई दिवस मले जेवनच गेलं नाही. खरं सांगते. वाटलं, एवढ्या वर्साचं पानी केलं आपन. पोरीनं टिचकी मारली अन् झालं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग एक दिवस असं वाटलं, का ते फोनात आलं कुठून? कोनीतरी भागलंच असंन ना आंधी. कोनी तरी बसलं असंन. मले वाटे, तिथं मी एकटीच हाये. या सगळ्या वर्सात मले तसंच वाटे. अन् तिथं तं आंधीच कोनी येऊन गेलं होतं."

मी त्यांच्या ताटात ठेचा वाढला.

"तुया पोरीले विचार, कोन होतं ते."

"तिनं शोधलं, मॅडम. नक्की नाव नाही सापडलं. खूप जुनं आहे म्हणते."

"बाई होती का मानूस?"

"तेही नाही कळलं."

त्यांनी मान हलवली. "असू दे. होतं कोनी, एवढं बस झालं." मग पाणी प्यायल्या. "एकटं असंन का वं ते?" असं त्यांनी विचारलं आणि ताटं उचलायला लागल्या.

निघताना मी विचारलं, "आता काय करणार?"

"दोनची फांदी पाहून राहिली उद्यापासून."

"पण मॅडम, उत्तर तर माहीत आहे आता."

"त्याले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "मी कुठं पाह्यलं?"

त्या मला सोडायला बसस्टँडवर आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. दारातूनच "येजो" म्हणून आत वळायची त्यांची पद्धत. मी नको नको म्हणत होते, ऊन होतं, गुडघे दुखत होते, तरी रिक्षात बसून आल्या. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. पुढे उन्हाळा लागायच्या आत मॅडम गेल्याचा घरमालकांचा फोन आला आणि मी धावत गेले, तेव्हा भातकुलीकडचे लोक त्यांना घेऊन निघालेसुद्धा होते. म्हणजे मी त्यांना डोळे भरून पाहिलं ते त्या बसस्टँडवरच.

अमरावतीची गाडी लागली, मी चढले, खिडकीजवळ जागा मिळाली. त्या खाली उभ्या राहिल्या. आजूबाजूला लोक हात हलवत होते, सांभाळून जा म्हणत होते. मॅडमनी हात हलवला नाही. गाडी सुटली, वळली. मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं होतं त्या रिक्षाकडे निघाल्या असतील. त्या परत त्याच बाकावर जाऊन बसल्या होत्या, पिशव्या घेतलेल्या बायाबापड्यांच्या मधोमध, गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारख्या. शेजारची बाई त्यांना काहीतरी विचारत होती, बहुतेक कुठं जायचं म्हणून, आणि मॅडम तिच्याकडे वळून तिला काहीतरी सांगत होत्या.